डासाचा दंश : खाज, धोका आणि बचाव

माणसाला चावते ती केवळ डासाची मादी. नर वनस्पतींच्या रसावर जगतो, तर मादीला अंडी तयार करण्यासाठी रक्तातील प्रथिने लागतात. सोंड त्वचेत खुपसताना ती रक्त गोठू न देणारी लाळ आत सोडते. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या परक्या लाळेला विरोध करताना हिस्टामिन नावाचे रसायन मोकळे करते आणि त्यामुळे गांधी उठून खाज सुटते. खाजवल्याने त्वचा फाटून जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून ती जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी किंवा कॅलामाइन लावावे.

खरी चिंता मात्र रोगांची आहे. डासामार्फत मलेरिया पसरतो याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत मिळाला; तो पसरवणारा अ‍ॅनोफिलिस प्रामुख्याने रात्री चावतो, तर डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावत असल्याने केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबणे पुरेसे नाही. घरातील रांजण, कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळणे अत्यंत शहाणपणाचे आहे. त्या दिवशी भांडी नुसती रिकामी न करता आतून घासावीत, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. डेंग्यूत त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.