तबकडीचा धनी कोण?

तबकडीच्या मधोमध एक गोल कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते. गाणाऱ्याचे नाव, गाण्याचे नाव आणि तबकडी काढणाऱ्या कंपनीचे नाव तीवर छापलेले असते. या चिठ्ठीला इंग्रजांनी लेबल म्हटले, आणि पुढे त्या कंपनीलाच लेबल म्हणण्याची रीत पडली. आजचा विषय आहे तो या चिठ्ठीवर स्वतःचेच नाव छापून मोकळ्या झालेल्या काही तरुण मंडळींचा. पंक रॉक हे त्यांचे संगीत. श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांना ते सोसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तीनचार स्वरमेळ, दोन मिनिटांत आटोपणारे गाणे, आणि आवाज असा की पहिल्या रांगेतल्या माणसाने कानांवर हात ठेवावेत. पण ते गोड की कडू याचा निवाडा आज करायचा नाही. ज्याने गाणे केले त्याच्याकडेच त्याच्या तबकडीची मालकी राहू शकते काय, एवढाच आपला प्रश्न आहे.

मोठ्या कंपन्यांचा व्यवहार साधारणपणे असा असे. कंपनी गायकाला उचल देई. ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकाच्याच नावावर मांडला जाई, आणि विक्रीतून त्याच्या वाट्याला येणाऱ्या टक्केवारीतून उचल आणि खर्च ही दोन्ही वळती होत. ती फिटेपर्यंत त्याला पुढचा पैसा दिसत नसे. ऊसतोडणीच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. कर्ज फिटले तरी मूळ ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीच्याच मालकीचे राही. म्हणजे घराचे हप्ते तुम्ही भरायचे आणि घर मात्र सावकाराचे!

मग लोक स्वतःच का तबकडी काढीत नव्हते? कारण तो खर्चाचा मामला आहे अशी समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. प्रथम लाखेचा थर दिलेल्या चकतीवर आवाजाची चर कोरायची, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून साचा तयार करायचा, आणि त्या साच्यात तापलेले प्लॅस्टिक दाबायचे. साच्याचा खर्च एक प्रत काढा की हजार काढा, तेवढाच. छापखान्यात खिळे जुळवण्याचा खर्च असतो तसाच. परंतु साचा एकदा झाला की पुढची प्रत स्वस्त पडते, आणि कारखानदाराला साचा कोणाचा याच्याशी कर्तव्य नसते. तो पैसे घेतो आणि माल देतो. हे गुपित नव्हतेच. फक्त कोणी जाऊन विचारले नव्हते.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या मंडळींनी विचारले. मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी मुद्रित केली. जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी ‘न्यू हॉर्मोन्स’ या त्यांनीच ठेवलेल्या नावाने बाहेर पडली. पहिल्या खेपेस हजार प्रती काढल्या होत्या. पुढे सुमारे सोळा हजार खपल्या. मला या तबकडीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिचे वेष्टन. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, त्यावर मागाहून काही भर घातली की नाही, हे सारे त्यावर छापले होते. हलवायाने भट्टी दुकानाच्या पुढच्या बाजूला आणावी तसा हा प्रकार! गिऱ्हाईक पाहते आणि म्हणते, हे तर मलाही जमेल. आणि खरोखरच पुढल्या दोनतीन वर्षांत ब्रिटनमध्ये गावोगावी अशा तबकड्या निघू लागल्या. खुद्द बझकॉक्स मात्र त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीकडे गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

तबकडी काढणे सोपे, विकणे अवघड. हजार प्रती घरात आल्या की पलंगाखाली जातात, आणि तेथेच राहतात. १९७६ मध्ये लंडनला ‘रफ ट्रेड’ नावाचे एक दुकान निघाले होते. त्याचा चालक जेफ ट्रॅव्हिस अशा तबकड्या विकायला घेई, आणि मग इतर गावच्या दुकानांनाही पाठवू लागला. १९७८ मध्ये त्याने स्वतःचे लेबल काढले आणि खर्च वजा जाता नफा निम्मानिम्म, असा व्यवहार ठेवला. बेलफास्टच्या स्टिफ लिटल फिंगर्स या चमूची त्याने काढलेली मोठी तबकडी १९७९ मध्ये लाखाच्या वर खपली. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली, आणि तीत कोणाला घ्यायचे याचा नियम मोठा बोलका आहे. संगीत कसे आहे हे पाहिलेच जात नसे. माल दुकानापर्यंत कोण पोचवतो एवढेच पाहिले जाई. म्हणूनच त्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोग या अगदी लोकप्रिय, गोड गळ्याच्या गायिकेचे नावही त्या यादीत शिरले, आणि पंकवाले चडफडत राहिले.

आता अटलांटिकपलीकडे, वॉशिंग्टन शहरात चला. तेथे टीन आयडल्स नावाचा चार शाळकरी मुलांचा चमू होता. १९८० च्या अखेरीस तो मोडला. वर्षभराच्या कार्यक्रमांचे सुमारे ६०० डॉलर सिगारच्या एका पेटीत साठले होते. चौघांनी वाटून घेतले असते तर प्रत्येकी दीडशे आले असते. त्यांनी त्या पैशांची तबकडी काढली. तीही मोडलेल्या चमूची, म्हणजे जिच्यासाठी पुढे एकही कार्यक्रम होणार नव्हता! वेष्टन कसे करतात हे ठाऊक नव्हते, तेव्हा विलायती तबकडीचे वेष्टन उसवून सपाट केले, त्यावरून माप घेतले, छापून आणले, आणि घरी बसून कापले, दुमडले, डिंकाने चिकटवले. १९८१ उजाडण्याच्या सुमारास हजार प्रती तयार झाल्या. त्यांतल्या इयान मॅकाय आणि जेफ नेल्सन या दोघांनी या उद्योगाला ‘डिस्कॉर्ड’, म्हणजे विसंवाद, असे नाव दिले.

पहिल्या तबकडीचे पैसे परत आले की त्यांतून दुसरी काढायची, असा क्रम पुढे चालला. केवळ वॉशिंग्टन परिसरातल्या चमूंच्याच तबकड्या काढायच्या, आणि लेखी करार करायचा नाही. लेखी करार नाही हे ऐकून आपल्यातील वकील मंडळी दचकतील. पण करार नाही म्हणजे चमूला बांधून ठेवणारा कागदही नाही, ही दुसरी बाजू झाली. मॅकायच्या फुगाझी या पुढच्या चमूने, १९८७ पासून, कार्यक्रमाचे तिकीट होता होईल तो पाच डॉलरच्या आसपास ठेवले आणि अल्पवयीन मुलांनाही आत घेतले. त्यांच्या तबकड्यांवर टपालखर्चासह किंमत छापलेली असे. याचे कारण साधे आहे: छापील किमतीवर दुकानदाराला फार चढवता येत नाही. मोठ्या कंपन्यांनी मागण्या घातल्या, त्यांनी नाकारल्या. फुगाझी २००२ नंतर जाहीर मंचावर आले नाहीत. परंतु त्यांच्या आठशेंहून अधिक कार्यक्रमांची मुद्रणे जपून ठेवलेली होती. २०११ मध्ये ती विकायला काढली तेव्हा सुचवलेली किंमत होती, पाच डॉलर.

स्वतंत्र म्हटले की सर्व मंगलच, असे मात्र समजू नये. ‘रफ ट्रेड’ची वितरणसंस्था १९९१ मध्ये बुडाली, आणि ज्या लहान लेबलांचा माल तिच्या गुदामात व पैसे तिच्या वहीत होते ती तिच्याबरोबर गाळात गेली. चिठ्ठी स्वतःची असली तरी गाडी दुसऱ्याची असते, हे तेव्हा ध्यानात आले.

आज गाडीची अडचण निम्मी सुटली आहे. २००८ मध्ये निघालेल्या ‘बँडकॅम्प’ या संकेतस्थळावर गाणे ठेवले की कोठलाही माणूस ते विकत घेऊ शकतो, आणि संगणकी प्रतीच्या विक्रीतून संस्था साधारण पंधरा टक्के ठेवते. सोय मोठी आहे. पण तिचेही धनी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा बदलले. आणि तबकडी हौसेने घेणारे पुन्हा वाढले तसा कारखान्यातला जुना पेच परत आला. लाखेच्या चकत्या करणारे जगात दोनच मोठे कारखाने उरले होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातला एक फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. पुढच्या वर्षी लहान लेबलांना साचा दाबून मिळायला महिनेच्या महिने थांबावे लागले, कारण रांगेत त्यांच्यापुढे मोठ्या कंपन्यांच्या लाखालाखाच्या मागण्या होत्या. तरी तबकड्या निघतच आहेत. डिस्कॉर्डने २०२० मध्ये मॅकायच्याच कोरिकी या नव्या चमूची आणि २०२२ मध्ये हॅमर्ड हल्सची तबकडी काढली. या दुसऱ्या चमूत गातो तो त्याचा धाकटा भाऊ ॲलेक. टीन आयडल्सच्या दिवसांपासून तोही याच शहरात गात आला आहे.