आपल्या घरातला 'पॉमेरियन' खरंच पॉमेरियन आहे का?



चौथीच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला की कुणाच्या तरी वहीत हमखास येतं, "आमच्याकडे पॉमेरियन आहे." पांढराशुभ्र, टोकदार कानांचा, झुबकेदार शेपटी पाठीवर वळवलेला. पण तो खरंच पॉमेरियन असतो का? चला, पाहूया.

बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पॉमेरेनिया नावाचा प्रदेश आहे. तो आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. त्यावरून हे नाव पडलं. या कुत्र्याचे पूर्वज थंड प्रदेशातले आणि चांगले मोठे होते. १८८८ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून 'मार्को' नावाचा लहान पॉमेरियन आणला. मग लहान कुत्र्यांचीच हौस वाढली. निवडून निवडून पैदास होत गेली आणि आजचा पॉमेरियन जेमतेम दोन-तीन किलोचा उरला.

आपल्याकडे दिसतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश काळात आलेल्या युरोपीय स्पिट्झ कुत्र्यांपासून तो भारतातच तयार झाला. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतो ना? तो हाच!

ओळखायचं कसं?
• तोंड : पॉमेरियनचं आखूड, स्पिट्झचं लांबट.
• वजन : लहान जातीचा स्पिट्झही पाच ते सात किलो भरतो.
• केस : पॉमेरियनचे फार दाट, दुहेरी थराचे, स्पिट्झचे त्यामानाने विरळ.

आता महत्त्वाचं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, "आमचा दुपारी पत्र्याखाली बांधलेला असतो, लई धापा टाकतो." मी त्याला त्याच दिवशी घरी सांगायला लावलं : कुत्र्याला सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा, भांडंभर पाणी ठेवा, फिरवायला सकाळी लवकर न्या. उन्हाळा आहे म्हणून केस मुळापासून भादरू नका, कातडी उन्हाने भाजते. रेबीजची लस तर चुकवूच नका.

म्हणून पिल्लू आणण्याआधी त्याची जात कुठली हे विचारा, आणि दुपारी ते कुठे बसेल हेही ठरवा. जात कुठलीही असो, आपल्या घरात तो आपल्याच भरवशावर असतो.

गृहपाठ : तुमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याचं लांबून निरीक्षण करा आणि पाच वाक्यं लिहा.