आणंद : न टिकणाऱ्या मालाचे गाव



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्याकडून पगार, बोनस, फार तर गिरण्यांचा इतिहास यांवर ऐकायला मिळेल, अशी आपली समजूत असेल. पण आज आम्ही एका दुधाच्या गावाविषयी बोलणार आहोत. गुजरातेतले आणंद आपल्याला लोण्याच्या पुड्यावरून ठाऊक आहे. मात्र ते नावारूपाला आले ते पंधरा दिवसांच्या एका संपातून, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नाही. संप हा आमचा जन्माचा विषय असल्याने त्या गावाची कहाणी सांगण्याचा थोडासा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतला आहे.

आणंद मुंबईहून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांवर, बडोदे आणि अहमदाबाद यांच्या दरम्यान आहे. मही आणि साबरमती यांच्या मधल्या सुपीक मुलखाला चरोतर म्हणतात. आणंद त्या मुलखातले रेल्वेचे जंक्शन. येथून एक फाटा गोध्र्याकडे जातो आणि एक खंबायतकडे. पूर्वी हे गाव खेडा जिल्ह्यात होते. १९९७ साली आणंद हा स्वतंत्र जिल्हा झाला. जमीन भुसभुशीत, तंबाखू, बाजरी, केळी ही येथली पिके. जमिनीचे मालक बहुतांशी पाटीदार, कष्टाळू आणि पैपैचा हिशेब ठेवणारे. त्यांच्यातलेच पुष्कळजण पुढे पूर्व आफ्रिकेत, विलायतेत आणि अमेरिकेत जाऊन स्थिरावले. त्यांच्या शेजारी बारैया म्हणवणारे लहान शेतकरी, आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असे मजूर.

या सर्वांच्या दारात म्हैस मात्र असे. सुरती म्हशीला नाव सुरतेचे असले तरी तिचे खरे माहेर हाच मही-साबरमतीमधला प्रदेश. बांधा मध्यम, शिंगे विळ्यासारखी, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे. फार अवाढव्य नसल्याने लहान माणसाला ती पोसता येते. शेतकरी तिला बाजरीची कडबी आणि सरकी घालतो. भूमिहीन मजुराची बायको दुसऱ्याच्या बांधावरचे गवत कापून डोक्यावरून आणते. पीक वर्षातून एकदा-दोनदा पैसा देते, म्हैस रोज देते. म्हणून चरोतरच्या गरीब घरात मीठमिरची म्हशीच्या जिवावर चाले.

आता या मालाचा स्वभाव पाहू, कारण सगळी कहाणी त्यात आहे. धान्य कणगीत राहते, तंबाखू वखारीत राहते. भाव पडला तर ज्याला ऐपत आहे तो महिनाभर थांबतो. दूध थांबत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी काढलेले दूध दुपारपर्यंत फाटते. म्हणजे विकणाऱ्याला घासाघीस करायला उणेपुरे चार-सहा तास मिळतात आणि विकत घेणाऱ्याला सबंध दिवस. ‘हे दूध पातळ आहे’, ‘हे आंबट लागले’, असे म्हणून दलालाने कॅन बाजूला सारला की शेतकरी तो घरी परत नेऊन करणार काय? तो पडेल त्या भावाला देतो. आमच्या श्रोत्यांपैकी जे मजुरी करून जगले असतील त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. आजचा रोज आज विकला गेला नाही तर उद्या तो दोन रोज होऊन विकता येत नाही. तो बुडाला तो बुडाला. दूध आणि मजुरी हे दोन्ही न टिकणारे माल आहेत.

लष्कराला लोणी पुरवण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच आणंदला सरकारी क्रीमरी होती. १९३० च्या सुमारास तेथे पोल्सनची डेअरी उभी राहिली. कॉफीच्या धंद्यातून पुढे आलेल्या एका कर्तबगार पारशी गृहस्थांची ती पेढी. तिचे लोणी मुंबईत आणि पलटणींत नावाजलेले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली, शहरातल्या तबेल्यांचे दूध पुरेना आणि त्याच्या शुद्धतेची तर वाटच लागली. तेव्हा १९४५ साली मुंबई सरकारने आणंदचे दूध पाश्चराइज करून, म्हणजे ठरावीक उष्णतेला तापवून झटकन थंड करून, रेल्वेने मुंबईला आणण्याची योजना आखली. योजना चांगलीच होती. पण दूध गोळा करण्याचा मक्ता एकट्या पोल्सनला मिळाला. मुंबईने चांगला भाव मोजला तरी गवळ्याच्या हाती किती पडावे हे मक्तेदार आणि त्याचे दलाल ठरवू लागले. न टिकणारा माल, त्यात गिऱ्हाईक एकच! यापेक्षा वाईट स्थिती विकणाऱ्याची होऊ शकत नाही.

पण हा मुलूख मुकाट्याने सोसणारा नव्हता. १९१८ साली पीक बुडाले असता सारा न भरण्याचा सत्याग्रह महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली याच खेडा जिल्ह्यात झाला, आणि त्यातच वल्लभभाई पटेल पुढे आले. वल्लभभाईंचे करमसद आणंदच्या अगदी जवळ. साहजिकच दुधाचे गाऱ्हाणे घेऊन शेतकरी वल्लभभाईंकडे गेले. वल्लभभाईंचा सल्ला असा की, दलाल बदलून काही होणार नाही. स्वतःची सहकारी संस्था काढा, सरकारने तुमच्याकडूनच दूध घ्यावे अशी मागणी करा, आणि ती नाकारली तर दूध बंद करा. त्यात काही दिवस नुकसान सोसावे लागेल, त्याची तयारी आहे का, हेही त्यांनी विचारून घेतले. त्यांनी मोरारजी देसाईंना धाडले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली आणि गावोगाव संस्था काढण्याचे ठरले. सरकारने मागणी मानली नाही. संप सुरू झाला.

संप पंधरा दिवस चालला. गिरणीत संप झाला की माग थांबतो. म्हैस थांबत नाही. तिची कास वेळेवर मोकळी केली नाही तर ती आजारी पडते. म्हणजे संपातही दोन वेळा धार काढायची, दाणावैरण घालायची, आणि दूध मात्र विकायचे नाही. विरजण लावा, लोणी काढा, तूप कढवा, नाहीतर ओतून द्या; एवढेच मार्ग. डोळ्यांदेखत घरचा पैसा मातीत जाताना पाहणे सोपे नसते. तरी लोक टिकले. मुंबईच्या योजनेचे दूध आटले, तेव्हा मुंबईचे दूध आयुक्त स्वतः आणंदला आले आणि मागणी मान्य झाली.

येथवरची कहाणी आमच्या चळवळीच्या माणसाला ओळखीची वाटेल. विजय, गुलाल, मिरवणूक! पण आणंदचे वेगळेपण सोळाव्या दिवसापासून सुरू होते. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष. चळवळीत तुरुंगवास भोगलेला, गावोगाव पायपीट करणारा हा माणूस. जून १९४८ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा संघात दोन गावच्या संस्था होत्या आणि दूध दिवसाला सुमारे अडीचशे लिटर. जुन्या सरकारी क्रीमरीचा एक भाग भाड्याने घेऊन काम चाले.

या संस्थेची रचना समजून घेण्याजोगी आहे. गावात जो दूध घालतो तो सभासद. म्हशी दहा असोत की एक, मत एकच. सकाळ-संध्याकाळ सगळे एका रांगेत उभे राहतात, जो आधी आला तो पुढे. ज्या गावात पाणवठेही जातवार होते तेथे सर्व जातींचे दूध एका कॅनमध्ये पडू लागले, ही लहान गोष्ट नव्हती. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काढून त्याची फॅट मोजतात. जुन्या पद्धतीत काचेच्या नळीत दूध आणि गंधकाम्ल घालून ती नळी यंत्रात गरगर फिरवीत. आम्ल बाकीचे सर्व विरघळवते आणि स्निग्धांश वर येऊन नळीवरच्या खुणांशी थांबतो. ती खूण पाटलालाही दिसते आणि मजुरालाही. ‘तुझे दूध पातळ’ म्हणण्याची दलालाची सत्ता त्या नळीने काढून घेतली. सकाळच्या दुधाचा पैसा संध्याकाळी हाती पडू लागला. गावच्या संस्थांचा मिळून जिल्ह्याचा संघ, आणि यंत्रसामग्री संघाची.

तरी एक अडचण राहिलीच. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. मुंबईची गरज मात्र बारा महिने सारखी. हिवाळ्यातले जादा दूध मुंबई घेईना. म्हणजे संघ झाला तरी न टिकणाऱ्या मालाचे दुखणे बरे झालेले नव्हते. येथे वर्गीस कुरियन यांचे काम येते. कोझिकोडचा हा अभियंता १९४९ साली सरकारी नोकरीवर आणंदच्या क्रीमरीत आला तो नाइलाजाने; शिष्यवृत्तीच्या बदल्यात नोकरीची सक्ती होती. ती सुटल्यावर तो निघालाच होता, पण त्रिभुवनदासांनी त्याला ठेवून घेतले. कुरियन यांचे अमेरिकेतल्या शिक्षणापासूनचे स्नेही एच. एम. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली. परदेशी तज्ज्ञ ते अशक्य म्हणत होते, कारण त्यांचे ज्ञान गाईच्या दुधाचे. युनिसेफ आणि न्यूझीलंड सरकार यांनी मदत दिली. बदल्यात गरीब मुलांना फुकट दूध देण्याचे संघाने कबूल केले. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अमूल हे नाव याच सुमाराचे.

श्रोतेहो, भुकटीचे पोते म्हणजे काय, याचा आपण विचार करावा. जे दूध दुपारपर्यंत फाटत होते ते आता कित्येक महिने टिकू लागले. शेतकऱ्याला पहिल्यांदा थांबता येऊ लागले. संपाने त्याला पंधरा दिवस थांबण्याची हिंमत दिली होती. संस्थेने आणि यंत्राने ती ताकद कायमची केली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री जवळच्या अजरपुरा गावात शेतकऱ्याच्या घरी रात्रभर राहिले, आणि १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ दिल्लीत न निघता आणंदला निघाले. १९७० ते १९९६ दुधाच्या महापूर योजनेने हा नमुना देशभर नेला. १९९८ साली दूध उत्पादनात भारत जगात पहिला झाला. आपल्याकडे कोल्हापूरचा जिल्हा संघ १९६३ सालचा. श्याम बेनेगलांचा १९७६ सालचा ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. आज आणंद हे लहान गाव राहिलेले नाही. डेअरी, शेती विद्यापीठ, शेजारचे वल्लभ विद्यानगर आणि ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था यांमुळे ते शिकलेल्यांचे शहर झाले आहे. मात्र सगळे उभे आहे ते अजूनही पहाटेच्या धारेवर.

आता आमच्या मनातली एक बोच सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो आणि आमचे वडील त्या संपात होते. दोन महिन्यांत घरचा दुधाचा रतीब बंद झाला आणि चहा कोरा झाला. एकजूट आणंदला होती तशी मुंबईतही होती, त्यागही कमी नव्हता. पण मालकांच्या वखारीत कापड होते, भिवंडीच्या मागांवर आणखी विणून घेता येत होते. त्यांना थांबता येत होते, आम्हांला नव्हते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत, हे आम्ही जाणतो. म्हैस शेतकऱ्याची होती, माग कामगाराचा नव्हता. तरी काम बंद कसे करावे हे आम्ही पुष्कळ शिकवले आणि थांबण्याची ताकद कशी साठवावी हे फार थोडे शिकवले, हा आमचा दोष आम्ही पदरी घेतो.

आणंदलाही सर्व काही साधले असे समजू नये. वैरण, शेण, धार ही कामे बाईची. सभासदाच्या वहीत नाव मात्र बराच काळ बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे. मत एक असले तरी ज्याला बांध आहे त्याच्या दारात चार म्हशी आणि ज्याला बांध नाही त्याच्या दारात एक, हा फरक रांगेने मिटत नाही. आणि दुधाच्या कुठल्याही कारखान्यात कॅन उचलणारा मजूर हा सभासद नसतो, तो नोकर असतो. सहकाराने दलाल हटवला म्हणून मालक-मजूर हा प्रश्न सुटला असे होत नाही. तेथे युनियनचे काम उरतेच.

आज आपल्या गल्लीतून मोटारसायकलीवर पाठीला पेटी लावून धावणारी तरुण मुले दिसतात. त्यांचा माल म्हणजे त्यांचा वेळ, आणि तो दुधापेक्षाही लवकर नासतो. भाव ठरवणारा त्यांना दिसतही नाही. त्यांची समरखा कुठे भरेल, आणि कमी-जास्त मोजणारी ती काचेची नळी त्यांच्या हाती कोण देईल, हे आम्हांला आज सांगता येत नाही. पण पंधरा दिवस तग धरण्याइतकी एकी आणि सोळाव्या दिवशी उघडता येईल अशी स्वतःची संस्था, या दोन्ही गोष्टी बरोबरच लागतात, एवढे आणंदकडून आम्ही शिकलो. उद्या सकाळी दुधाची पिशवी दारात येईल तेव्हा त्या पंधरा दिवसांची आपण आठवण करावी, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.