सफारीच्या कुंपणापलीकडचे बन्नेरघट्टा

बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या मराठी घरात गावाकडून पाहुणे आले, की रविवारचा बेत बन्नेरघट्टाचा ठरतो. सिल्क बोर्डची कोंडी चुकवायची तर पहाटे निघावे. मंगळवारी मात्र जाऊ नये. उद्यान बंद असते.

जाळीची बस, खिडकीशी मुलांची रेटारेटी, वाटेत लोळणारा सिंह. पाहुणे खूश! पण सिंह काही या रानाचा रहिवासी नव्हे. नर्मदेच्या दक्षिणेला तो रानात कधी नांदला नाही. १९९८ साली केंद्राने सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सर्कशीतून सुटलेल्या जनावरांना रानात सोडता येईना, म्हणून त्यांची सोय ज्या थोड्या केंद्रांत झाली त्यांत बन्नेरघट्टा एक. अस्वलांचे केंद्र आले २००५ साली. दरवेशी नाकात दोरी घालून दारोदार नाचवायचे, ती ही अस्वले. देशातले शेवटचे नाचणारे अस्वल मानले गेलेले राजू २००९ साली इथेच आले. बसच्या गाइडने वाघाच्या वजनापेक्षा हे सांगावे, असे मला वाटते.

राष्ट्रीय उद्यान १९७४ सालचे. प्राणिसंग्रहालय आणि सफारीचा भाग २००२ साली त्यापासून वेगळा काढला गेला, तिकीट मिळते ते या भागाचे. मूळ जंगल सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या उद्यानाच्या अडीचपट. कोरडे, पानझडी, काटेरी. दक्षिणेकडे ते तमिळनाडूतल्या तळ्ळीच्या राखीव वनांना आणि कावेरी अभयारण्याला लागते, आणि त्याच वाटेने हत्ती ये-जा करतात. नाचणी पिकू लागली की शेतांवर त्यांच्या धाडी पडतात. मग चर खणा, रेल्वेच्या रुळांचे कुंपण घाला, रात्र जागवा.

ही वाट काही जागी फार चिंचोळी आहे. अशा ठिकाणी उद्यानाच्या हद्दीबाहेरची जमीनही हत्तींना लागते, आणि नेमकी तीच बंगळुरूच्या बिल्डरांनाही हवी असते. उद्यानाभोवतालच्या, बांधकामांवर निर्बंध आणणाऱ्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा २०१६ सालचा मसुदा २६८.९६ चौरस किलोमीटरचा होता. २०२० साली अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा उरले १६८.८४.