बंदरावरून तंजावरकडे

पोर्ट ब्लेअरहून निघालेले प्रवासी जहाज सुमारे तीन दिवसांनी चेन्नईस पोहोचते. परंतु नेमकी वेळ समुद्राच्या मर्जीवर अवलंबून. त्याच सायंकाळच्या आगगाडीचे तिकीट काढून ठेवणे म्हणजे घरातील चार माणसांचे पैसे पणाला लावणेच होय. एक दिवस हाती ठेवावा. पायाखालची जमीन अजून डोलत असते. तेव्हा मुलांना उन्हातान्हात हिंडवू नये. शुक्रवार नसेल, तर एग्मोरचे १८५१ साली स्थापन झालेले संग्रहालय पाहावे. तेथील कांस्याच्या नटराजमूर्तींपुढे वृद्धांनाही निवांत उभे राहता येते. दक्षिणेकडील बऱ्याच गाड्या सेंट्रलवरून नव्हे, एग्मोरवरून सुटतात. तिकिटावरील स्थानकाचे नाव अवश्य वाचावे. परतीची घाई नसल्यास रात्रीच्या गाडीने तंजावर गाठावे. बृहदीश्वराच्या भिंतींवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरविला आहे, आणि तो मराठीत आहे!