कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते का? : पेशी, आहार आणि म्हातारपण



मागच्या व्याख्यानात आपण 'मी म्हणजे कोण' या प्रश्नापाशी थांबलो होतो. शरीरात जुनं सतत मोडतं आणि नवं घडतं, तरी माणूस तोच कसा राहतो, असा तो प्रश्न होता. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे मोडणं-घडणं खाण्यावर अवलंबून असतं म्हणतात. मग कमी खाल्लं तर माणूस जास्त जगतो का?" आज तेवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

सुरुवातीला दोन गोष्टी सांगून ठेवतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. जीवशास्त्र आम्ही निवृत्तीनंतर वाचून शिकलो. आणि दुसरं म्हणजे, या प्रश्नात आमचा स्वार्थ आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी रात्रीचं जेवण बंद केलं. उपाशी राहिलं की पेशी स्वतःची साफसफाई करतात, असं कानावर आलं होतं. आठ महिन्यांत आमचं वजन 62 किलोवरून 55 वर आलं. फिरायला येणारी मंडळी म्हणायची, "सर, काय फिट दिसताय!" आम्हीही खूश. मग एका सकाळी खालच्या कप्प्यातली पुस्तकं लावायला जमिनीवर बसलो, आणि उठता येईना. सौ. हात द्यायला आल्या, तर त्यांचाही जोर पुरेना. दोघंही तिथेच बसून हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. आमचं नेमकं कुठे चुकलं, हे समजून घ्यायचं तर आधी शास्त्र काय सांगतं ते पाहायला हवं.

सुरुवात 1935 सालापासून करू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना जीवनसत्त्वं, खनिजं सगळं पुरेसं दिलं, फक्त उष्मांक कमी केले. म्हणजे ताटात पोषण पूर्ण, पण इंधन बेताचं. हे उंदीर पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले. 'पोषण पूर्ण' हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण उपासाबद्दल बोलताना नेमके तेच गळतात. पुढे यीस्टपासून माशांपर्यंत अनेक जीवांत असंच काहीसं दिसलं. पण असं का होतं, हे कित्येक दशकं कुणाला सांगता येईना.

उत्तराचा धागा सापडला तो भलतीकडे. प्रशांत महासागरात ईस्टर आयलंड नावाचं एक एकाकी बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. 1964 मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम तिथे गेली आणि येताना मातीचे नमुने घेऊन आली. माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल नावाचे शास्त्रज्ञ होते, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या चमूने त्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारा पदार्थ वेगळा केला. रापा नुईवरून त्याचं नाव पडलं रॅपामायसिन. पुढे कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, काम थांबलं. सेहगलांनी काय करावं? त्या जिवाणूच्या बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि बदली झाली तेव्हा सोबत नेल्या. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून 1999 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली.

हे औषध पेशीत नेमकं कशाला धरतं, याचा शोध 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे यीस्टमध्ये लागला. त्या प्रथिनाला नाव दिलं 'टॉर', म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. आपल्या पेशींतल्या टॉरला 'एमटॉर' म्हणतात. आजच्या विषयाचा कणा तोच आहे.

एमटॉर काय करतो? एक लग्नघर डोळ्यांसमोर आणा. किराणा येतोय, पाहुणे येतायत, मांडव पडतोय, आचारी कामाला लागलाय. अशा वेळी माळा साफ करायला कुणी चढतं का? शक्यच नाही. लग्न उरकलं, पाहुणे गेले, की मग कुणीतरी माळ्यावर चढतं, मोडकी खुर्ची खाली काढतं, कामाचं लाकूड बाजूला ठेवतं आणि बाकीचं भंगारात देतं. पेशीचं असंच आहे. रक्तात इन्शुलिन आहे, प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्लं आहेत, ऊर्जा आहे, असं कळलं की एमटॉर हुकूम देतो: बांधा, वाढा, नवी प्रथिनं तयार करा. तेव्हा साफसफाई बंद असते. अन्न कमी झालं की एमटॉर शांत होतो आणि पेशी स्वतःतले खराब झालेले भाग मोडून त्यांतला कच्चा माल परत वापरायला लागते. या कामाला ऑटोफॅजी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'स्वतःला खाणं'. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये या यंत्रणेची जनुकं शोधली. त्यासाठी त्यांना 2016 चं नोबेल मिळालं.

एमटॉरच्या समोर आणखी एक पहारेकरी आहे, एएमपीके. पेशीतली ऊर्जा घटली की तो जागा होतो आणि एमटॉरला आवर घालतो. उपाशी राहिल्याने तो जागा होतो, तसाच व्यायामानेही होतो. हे लक्षात असू द्या. तिसरा मार्ग इन्शुलिन आणि त्याच्या भावंडासारख्या वाढ-संप्रेरकांचा. 1993 मध्ये सिंथिया केनयन यांनी एका इवल्याशा कृमीमध्ये या मार्गातलं एक जनुक मंद केलं, तर त्या कृमीचं आयुष्य दुप्पट झालं. तोवर म्हातारपण म्हणजे यंत्र झिजणं, असं बहुतेकांना वाटायचं. एक जनुक बदलून झिजेचा वेग बदलतो, ही कल्पना धक्कादायक होती.

आता तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे एक प्रश्न पडतो. वाढीची यंत्रणाच आपल्याला म्हातारं करत असेल, तर निसर्गाने ती ठेवली कशाला? जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञाने 1957 मध्ये याचं एक उत्तर दिलं होतं. तरुणपणी जे उपयोगी पडतं ते निसर्गाच्या निवडीत टिकतं, मग म्हातारपणी ते घातक ठरलं तरी. कारण तोवर पुढची पिढी जन्माला आलेली असते. ज्याने आपल्याला मोठं केलं तेच पुढे महागात पडतं. यात कुणाचा दोष नाही आणि कुणाची योजनाही नाही.

मग पुरावा किती? 2009 मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून 600 दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या उंदरांना रॅपामायसिन दिलं. मादी 14 टक्के आणि नर 9 टक्के जास्त जगले. उतारवयात सुरू करूनही फरक पडला, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

माकडांची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोन ठिकाणी ऱ्हीसस माकडांवर, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांवर, दीर्घ प्रयोग सुरू झाले. एका गटाला सुमारे 30 टक्के कमी अन्न द्यायचं. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 2009 मध्ये सांगितलं, फायदा आहे. राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने 2012 मध्ये सांगितलं, आयुष्यात फरक नाही. खरं कुणाचं? दोघांचंही. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर एक चतुर्थांशाहून जास्त होती आणि तुलनेतली माकडं हवं तेवढं खात होती. दुसरीकडे खाद्य सकस होतं आणि तुलनेतल्या माकडांनाही मोजूनच मिळत होतं. म्हणजे 'कमी खाणं चांगलं' हे वाक्य अपुरं आहे. कशापेक्षा कमी, आणि कशातलं कमी, हे विचारलंच पाहिजे.

माणसांवरचा सगळ्यांत नीट झालेला प्रयोग 'कॅलरी' या नावाने ओळखला जातो. स्थूल नसलेल्या सुमारे 220 निरोगी प्रौढांपैकी एका गटाने दोन वर्षं 25 टक्के कमी खायचं ठरवलं. प्रत्यक्षात जमलं 12 टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. 2023 मधल्या एका विश्लेषणात रक्तावरून मोजलेला वृद्धत्वाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी कमी दिसला. पण त्याच लोकांचे स्नायू थोडे घटले आणि हाडांची घनताही कमी झाली. आणि हे लोक तरुण किंवा मध्यमवयीन होते.

आता आमच्या जमिनीवर बसण्याकडे येऊ. आम्ही सत्तरीतले. या वयात स्नायू आपोआप घटत असतात आणि खाल्लेल्या प्रथिनांना ते तरुणपणासारखा प्रतिसाद देत नाहीत. लग्नघराची उपमा इथे दुसऱ्या बाजूने लागू पडते. माळा साफ झाला, पण नवं सामान आलंच नाही, तर घर रिकामं होतं. ऑटोफॅजी मोडून कच्चा माल देते. बांधणी मात्र खाल्ल्यावर आणि शरीराला काम दिल्यावरच होते. आमच्या जेवणात बांधणीची पाळीच येत नव्हती. सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण. संपलं.

त्यात आपल्या शरीराची एक ठेवण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसतो, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. अशा माणसाने नुसतं वजन उतरवलं, तर तो मुळात तुटपुंज्या असलेल्या भांडवलालाच हात घालतो. आमचे सात किलो गेले त्यांत स्नायू किती होते, हे काट्याने सांगितलं नाही. गुडघ्यांनी सांगितलं.

पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात असतात सुमारे 6. हिशेब केलात तर लक्षात येईल, आपण किती मागे असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

आम्ही रात्रीचं जेवण परत सुरू केलं, पण लवकर आणि बेताचं. जेवणात दही, मूग, पनीर, अंडं आलं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, हा व्यायाम आला. सहा महिन्यांनी जमिनीवरून उठता आलं. आयुष्य वाढलं का? माहीत नाही. पण खालच्या कप्प्यातली पुस्तकं पुन्हा आमची झाली.

गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणतो, तसंच अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही म्हणतो. आपण पहिला अर्धा भाग सुनेला सांगतो आणि दुसरा विसरतो. पेशीचं शास्त्रही दोन्ही अर्धे सांगतं: मोडणं हवं, बांधणंही हवं. कोणत्या वयात कशाला किती जागा द्यायची, हा विवेक मात्र एमटॉर करत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मग एकादशी करायची की नाही?

उत्तर : 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी असेल तर शास्त्राचा प्रश्नच येत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू, यात एमटॉरला उपास कळतसुद्धा नाही. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस असेल तर त्याने अधूनमधून खरा उपास करायला हरकत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साखर एकदम उतरते. सत्तरीतल्या किडकिडीत माणसाने भक्तीसाठी करावा, दीर्घायुष्यासाठी नको.

प्रश्न : रॅपामायसिन घ्यावं का?

उत्तर : ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. निरोगी माणसाचं आयुष्य त्याने वाढतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. एएमपीके जागा करायला जिना पुरतो. पायांना झेपेल तेवढा चढा.

पुढच्या वेळी ययातीबद्दल बोलू. मुलाचं तारुण्य मागून घेणाऱ्या त्या राजाला आयुष्य नेमकं कशासाठी हवं होतं, हा प्रश्न आजच्या विषयाला लागूनच आहे.