फिरत्या वाहनातील जनित्राचे धूरनिष्कासन

फिरता दवाखाना, रक्तसंकलन वाहन, दूरचित्रवाणीची ओबी व्हॅन, चित्रीकरणस्थळावरील व्हॅनिटी व्हॅन, फिरती दुरुस्ती कार्यशाळा अशा वाहनांना उभे असताना लागणारी वीज बहुधा वाहनातच बसविलेल्या पेट्रोल किंवा डिझेल जनित्रापासून (जनरेटरपासून) मिळते. या जनित्राच्या इंजिनाचा धूर आतील माणसांपर्यंत पोहोचू न देता मोकळ्या हवेत सोडण्याच्या व्यवस्थेस धूरनिष्कासन म्हणतात. धूर वाहनाबाहेर काढणे त्या मानाने सोपे असते. बाहेर पडलेला धूर पुन्हा आत ओढला जाऊ न देणे हा या व्यवस्थेतील अवघड भाग होय.

धोक्याचे स्वरूप

इंधनाचे ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग, वास किंवा चव नसते. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूशी २०० पटींहून अधिक ओढीने जोडले जाते. त्यामुळे श्वासोच्छ्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे व थकवा ही आरंभीची लक्षणे पित्ताची किंवा उन्हाची समजून दुर्लक्षिली जातात. झोपलेल्या माणसाला तर ती जाणवतही नाहीत. हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे १२०० भाग झाल्यास अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा मानकांनुसार ती स्थिती जिवास तत्काळ धोकादायक मानली जाते.

लहान पेट्रोल जनित्रांना मोटारीप्रमाणे उत्प्रेरक परिवर्तक सहसा नसतो, त्यामुळे आकाराने लहान असूनही ती हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात. डिझेल जनित्रात तो कमी निर्माण होतो; मात्र डिझेलच्या धुराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चित कर्ककारक घटकांत केला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन व्यक्ती मृतावस्थेत आढळल्या. जनित्रातील कार्बन मोनॉक्साइड वाहनाच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचे नंतरच्या तपासणीत दिसून आले.

धूर आत कसा शिरतो

कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असल्याने तो खाली साचून राहत नाही, हवेत सर्वत्र मिसळतो. वाहनाच्या छतावरील पंखा आतली हवा बाहेर फेकू लागला की आतील दाब थोडा घटतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद असतील तर ती तारा व नळ्यांसाठी पाडलेल्या छिद्रांतून, दाराच्या झिजलेल्या रबरी पट्टीतून, तळाच्या फटींतून येते. नेमका तेथेच धूर असतो. वायुवीजनासाठी लावलेला पंखा अशा रीतीने घातक ठरू शकतो. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवा घुटमळते, म्हणून तेथे सोडलेला धूरही वाहनाला चिकटून राहतो. भिंतीलगत, मांडवाच्या कनातीशेजारी किंवा एकमेकांना खेटून वाहने उभी केली असता एकाचा धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो. जत्रेतील आरोग्य शिबिरांत आणि चित्रीकरणाच्या तळावर ही मांडणी नेहमीचीच आहे.

रचना

जनित्राचा कप्पा माणसांच्या जागेपासून धातूच्या अखंड, वायुरोधक पडद्याने वेगळा केलेला असावा व तो केवळ बाहेरच्या बाजूस उघडावा. इंजिन थंड ठेवणारी हवा आणि धूर यांचे मार्ग स्वतंत्र असावेत. धुराचे तापमान काही शे अंश सेल्सियस असू शकत असल्याने रबराची किंवा पीव्हीसीची नळी चालत नाही. पोलादी नळी वापरतात, आणि हादरे सोसण्यासाठी तिचा एक भाग लवचीक ठेवतात. नळी फार अरुंद, लांब किंवा वळणांची असल्यास धुरावर उलट दाब येतो, इंजिन तापते व सांध्यांतून गळती होते. नळीचे तोंड वाहनाखाली न ठेवता कडेच्या बाहेर काढावे. ते दार, खिडकी व वातानुकूलन यंत्राच्या हवा घेण्याच्या जागेपासून दूर असावे. उभी नळी छताच्या वर नेणे अधिक चांगले. भारतात इमारतींजवळील डिझेल जनित्रांच्या धुराड्याबाबत असाच विचार दिसतो: २५ केव्हीए जनित्राचे धुराडे इमारतीपेक्षा किमान १ मीटर उंच असावे लागते.

हाताने उचलून नेता येणारे जनित्र मुळात बंद कप्प्यासाठी बनविलेले नसते. ते वाहनात चालविण्याऐवजी लांब तारेने जोडून सुमारे ६ मीटर अंतरावर, धुराचे तोंड वाहनाच्या विरुद्ध दिशेला करून ठेवणे इष्ट.

सूचकयंत्र व प्रथमोपचार

धुराचे सूचकयंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. वाहनांसाठी व नौकांसाठी ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक आहे. या यंत्रातील संवेदकाचे आयुष्य मर्यादित असल्याने त्यावरील मुदत पाहून ते बदलावे लागते.

एकाच वाहनातील अनेकांना एकदम डोकेदुखी सुरू होणे आणि बाहेर येताच बरे वाटणे, ही विषबाधेची खूण मानावी. सर्वांना मोकळ्या हवेत नेऊन, स्वतः आत न थांबता जनित्र बंद करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. कार्बन मोनॉक्साइड जोडलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच वाटते, त्यामुळे रुग्ण गंभीर असतानाही आकडा उत्तम दिसतो. रुग्णालयात मुखवट्याद्वारे शुद्ध प्राणवायू दिल्यास रक्तातील या वायूचे प्रमाण साधारण एक ते दीड तासात निम्मे होते. साध्या हवेत त्यास चार ते पाच तास लागतात.